वादळ गोव्यापासून लांबून गेलं, तरी शॅकमध्ये पाणी कसं शिरलं?

मांद्रेच्या किनाऱ्यावर शॅक चालवणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: "डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ गोव्यापासून कितीतरी लांबून गेलं. आमच्याकडे पाऊस जेमतेम, वारा माडाची झावळ हलवण्यापुरता. तरी समुद्र थेट टेबलांखाली आला आणि समोरची वाळू घेऊन गेला. 'गोव्याला थेट धोका नाही' असं सांगतात त्याचा अर्थ नेमका काय घ्यायचा? आणि पावसाळा संपून धंद्याचे दिवस सुरू झाल्यावर ही वादळं येतातच कशी?"

सागरी हवामानाचे अंदाज लिहिण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे 'थेट धोका नाही' हे वाक्य कसं तयार होतं ते मला ठाऊक आहे. ते खोटं नसतं. वादळाचा मध्य कुठून जाणार आणि भोवतीच्या जोरदार वाऱ्याचा घेर किती, एवढंच त्यात धरलेलं असतं. ओखीच्या त्या घेरात गोवा नव्हता, म्हणून निरोप बरोबर. पण वादळाने समुद्रात उठवलेली लाट त्या घेरात अडकून राहत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या वादळांत गोव्याचं नुकसान बहुतेक वेळा याच वाटेने होतं. वादळ किती किलोमीटरवर आहे, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्याने आपल्याकडे कसली लाट पाठवली आणि ती कुठल्या भरतीला पोचणार, हे विचारायला हवं.

ही वादळं याच दिवसांत का, ते आधी सांगून टाकतो. वादळाला गरम पाणी लागतं, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर, आणि तेही नुसतं वरवर नाही, चांगलं पन्नासेक मीटर खोलपर्यंत. ते अरबी समुद्रात वर्षातून दोनदा मिळतं: मे-जूनला आणि पावसाळ्यानंतर. जुलै-ऑगस्टला मात्र वेगळीच अडचण असते. तेव्हा खालचा वारा नैर्ऋत्येकडून जोरात वाहतो आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर तितक्याच जोराने पूर्वेकडून उलटा. अशा हवेत ढगांचा मनोरा उभाच राहत नाही; डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. मान्सून माघारी गेला की वरचा-खालचा हा झगडा थांबतो, ऑक्टोबरच्या उन्हाने पाणी पुन्हा तापतं, आणि मैदान मोकळं होतं. त्यातून बंगालच्या उपसागरातली किंवा श्रीलंकेजवळची एखादी खळबळ पश्चिमेकडे सरकत कन्याकुमारी ओलांडून लक्षद्वीपच्या समुद्रात उतरते आणि तिला ते गरम पाणी आयतं मिळतं. उपसागरात चार वादळं झाली तर इकडे एक, असा जुना हिशेब होता. तो आता डळमळीत झाला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि उपसागरातली किंचित घटलेली.

ओखीचा जन्म असाच. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या दक्षिणेकडे ते नुसतं डिप्रेशन होतं, म्हणजे वारा ताशी पन्नास किलोमीटरच्याही आत. ३० तारखेच्या सकाळी कन्याकुमारीजवळ त्याला वादळाचा दर्जा मिळाला आणि नावही. वारा ताशी ६२ किलोमीटर झाल्याशिवाय आपल्याकडे नाव देत नाहीत. एका दिवसात ही चढण. पुढच्या दोन दिवसांत लक्षद्वीपवरून जाताना वारा ताशी १५५ किलोमीटरपर्यंत गेला आणि मध्यातला हवेचा दाब ९७६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला (एरवी तो १०१० च्या आसपास असतो).

किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला एक दिवसाची सूचना पुरते. पण कन्याकुमारी-तिरुवनंतपुरमकडचे मच्छीमार एकदा निघाले की कित्येक दिवस खोल समुद्रात असतात. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओही सरळ रेषेत जाईल तेवढाच. वादळाची बातमी त्यांना वादळानेच दिली. मृत आणि बेपत्ता मिळून शेकडो माणसं गेली. आणि ज्या बोटी वाचल्या त्यातल्या काही कुठे आल्या? आपल्या शेजारी, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला. ६८ बोटी आणि ९५२ माणसं तिथे सुखरूप पोचल्याचं महाराष्ट्राच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच जाहीर केलं होतं. केरळहून निघालेला माणूस देवगडच्या बाजूला लागतो यावरून कळावं की उशिराचं वादळ बोटींना किती लांब ढकलतं.

आता तुमच्या टेबलांखालचं पाणी. बरेच जण म्हणतात, वादळाने समुद्र फुगवला. फुगवतं, पण मध्याखाली. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. ओखीच्या पोटाखाली फार तर पस्तीस सेंटिमीटर चढलं असेल, आणि सहा-सातशे किलोमीटरवरच्या मांद्रेला त्यातलं काहीच पोचलं नाही. किनाऱ्याकडे वारा रेटून पाणी चढवणं हाही वादळाचा खेळ असतो, पण त्यासाठी वादळ जवळ यावं लागतं. तुमच्याकडे आली ती लाट.

मोरजी-मांद्रेला नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारच्या वाऱ्याने उठणारी जी लाट असते ती पाच-सात सेकंदांची: एक फुटली की पाच-सात सेकंदांत दुसरी. तिची लांबी पन्नास-पाऊणशे मीटर. वादळात वारा मोठ्या पट्ट्यावर दिवसरात्र एकाच दिशेने पाण्याला रेटत राहतो, तेव्हा तयार होणारी लाट बारा, चौदा, कधी त्याहून जास्त सेकंदांची होते. चौदा सेकंदांची लाट खोल समुद्रात तीनशे मीटर लांब असते, आणि तिचा तांडा ताशी सुमारे ४० किलोमीटरने पुढे सरकतो. वाटेत तिची झीज फार कमी होते. सातशे किलोमीटर ती सतरा-अठरा तासांत कापते. म्हणजे वादळ स्वतः अजून लक्षद्वीपच्या पलीकडे घुटमळतंय, आणि त्याचा निरोप्या तुमच्या दारात हजर.

दिशेचाही प्रश्न आहे. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेने चाललं असेल त्याच्या उजव्या बाजूला वारा आणि वादळाची चाल एकाच दिशेला असतात, त्यामुळे लाटेला वारा जास्त वेळ लाभतो आणि ती सर्वांत मोठी होते. आपल्या पश्चिमेकडून उत्तरेला जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे गोवा. पूर्वेला बंगालच्या उपसागरात हेच गणित किनाऱ्याला वेगळ्या कोनाने लागू होतं; आपल्याकडे ते नेमकं वाईट बाजूने लागतं.

ही लाट खोल पाण्यात दिसतही नाही. ट्रॉलरवर उभा असलेला खलाशी सांगेल, बोट सावकाश वर जाते, सावकाश खाली येते, पोटात डचमळत नाही. किनाऱ्याजवळ उथळ पाणी लागलं की ती उंच होते, आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या आसपास गेली की फुटते. फुटल्यावर वाळूवर जी चढते, त्यात सेकंदांचा हिशेब सगळ्यांत महत्त्वाचा. उंची तीच ठेवून आठऐवजी चौदा सेकंदांची लाट आली, तर पाणी पावणेदोनपट वरपर्यंत जातं. दीड मीटरच्या लाटेला हसणारे लोक इथे फसतात. शिवाय अशा लाटा तास-दोन तास सलग फुटत राहिल्या की माघारी जायला पाण्याला सवड मिळत नाही, आणि किनाऱ्यालगतची पातळीच वीत-हात चढून बसते.

त्यात भर भरतीची. ३ डिसेंबर २०१७ ला दत्तजयंती होती, मार्गशीर्ष पौर्णिमा, आणि चंद्र त्याच सुमारास पृथ्वीच्या सर्वांत जवळ. उधाणाची भरती. गोव्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. ओखीची लाट पाच-सहा दिवस आधी किंवा नंतर आली असती, तर तुम्ही कदाचित किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढले असते. मोरजी, मांद्रे, आश्वे भागातल्या शॅकवाल्यांना एकाच रात्री दोन्ही गोष्टी सापडल्या.

अशा पाण्यानंतर शॅकच्या खांबाशी बसून पाहा. खांब उभा असतो, पण त्याच्या मुळाशी समुद्राच्या बाजूला वाटीसारखा खड्डा झालेला असतो, ओंजळभर पाणी साचलेलं, आणि तळाला जाड, शिंपल्यांची वाळू. बारीक वाळू धुऊन गेली. पावसाळ्यानंतर समुद्र ती हळूहळू परत आणत होता. सप्टेंबरपासूनचं ते काम एका रात्रीत उलटलं. फळ्या, फ्रिज, खुर्च्यांचं नुकसान मोजता येतं, ते पंचनाम्यातही लिहिलं जातं. समोरच्या वाळूची उतरंड मात्र सगळा हंगाम खाली राहते, आणि पुढच्या साध्या अमावस्येच्या भरतीलाही पाणी पायरीला लागतं. खोल न खणता नुसती बाहेरून वाळूची पोती रचणाऱ्यांचा पैसा दुसऱ्या उधाणात जातो असं मी पाहिलं आहे. पोत्याच्या टोकाला लाट वळते आणि शेजाऱ्याची वाळू काढते, मग शेजारीही पोती आणतो.

शेवटी ओखीचं काय झालं? उत्तरेकडे वळल्यावर त्याला तीन शत्रू एकदम भेटले: डिसेंबरातलं गार होत चाललेलं पाणी, वरच्या थरातला पश्चिमेचा जोरदार वारा आणि उत्तरेकडची कोरडी हवा. मुंबईत ५ डिसेंबरला शाळा बंद ठेवल्या, भर थंडीच्या दिवसांत पाऊस झाला, पण दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत त्याचं कमी दाबाचं साधं क्षेत्र झालं होतं. उशिराची बरीच वादळं अशी समुद्रातच विझतात. टीव्हीवाले तोवर कंटाळून गेलेले असतात.

२०१९ च्या क्यार वादळाची गोष्ट याहून वेगळी, आणि माझ्या मते गोव्याने ओखीपेक्षा तीच जास्त लक्षात ठेवावी. ते जन्मलंच आपल्या दारात. २४ ऑक्टोबर २०१९ ला डिप्रेशन, दुसऱ्या दिवशी वादळ, तेव्हा ते रत्नागिरीपासून दोनशेच किलोमीटरवर आणि किनाऱ्याच्या दिशेने सरकत असलेलं. गोव्यात आणि तळकोकणात मुसळधार. मग ते वळलं आणि पश्चिमेकडे निघालं. वादळ स्वतःहून फारसं सरकत नाही. वरच्या हवेतला जास्त दाबाचा डोंगर ज्या अंगाला असेल त्याच्या कडेकडेने ते वाहत जातं, आणि तो डोंगर सरकला की वाट बदलते. ज्या पहाटे गोव्यात गावोगाव नरकासुर जाळले, त्याच २७ ऑक्टोबरला क्यार सुपर सायक्लोन झालं, म्हणजे वादळांच्या सर्वांत वरच्या वर्गात गेलं: वारा ताशी २४० किलोमीटर, दाब ९२२. अरबी समुद्रात असं त्याआधी एकदाच झालं होतं, २००७ च्या गोनू वादळात. आपल्या नकाशावरून ते पुसलं गेलं, पण त्याच्या लाटेने नंतर ओमान, कराचीच्या किनाऱ्यावर पाणी शिरवलं. तेच गणित, आपल्या जागी ते.

म्हणजे सर्वांत भयंकर झालं तेव्हा ते आपल्यापासून लांब गेलेलं होतं, आणि आपलं नुकसान झालं ते नुसतं डिप्रेशन असताना. २४ तारखेलाच मुरगावच्या नांगरवाड्यातून 'नू शी नलिनी' हे नॅफ्थाने (पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या तेलाने) भरलेलं, माणूस नसलेलं जहाज सुटलं आणि वाहत जाऊन दोना पावलाजवळ राजभवनाखालच्या खडकांत अडकलं. पणजीच्या तोंडाशी नॅफ्था, ते कधी निघेल ते तेव्हा सांगता येत नव्हतं, आणि दिवाळी तीन दिवसांवर. पेडणे-बार्देशच्या सरदीच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या शेतकऱ्याचं तर कोणी नावच घेतलं नाही. भात कापून मळणीसाठी पडलेलं, किंवा उभं, पिकून वाकलेलं. त्यावर दिवसभर पाऊस. भिजलेल्या लोंब्यांना शेतातच कोंब येतात. वादळाचा वर्ग ठरवताना वारा मोजतात, भात मोजत नाहीत.

क्यार विझण्याआधीच लक्षद्वीपजवळ महा नावाचं दुसरं वादळ उभं राहिलं, आणि काही दिवस अरबी समुद्रात दोन वादळं एकाच वेळी होती. तेही गुजरातकडे वळलं आणि किनारा गाठण्याआधी विरलं. एक कारण वाचकांना रंजक वाटेल: मोठं वादळ समुद्र ढवळतं, खालचं गार पाणी वर आणतं, आणि त्याच्या वाटेवर पाण्याचं तापमान दोन-चार अंशांनी उतरतं. मागून येणाऱ्याला तो गार पट्टा लागला तर त्याचा जीव कमी होतो. तेच वर आलेलं पाणी खतासारखं असतं. उपग्रहाच्या चित्रांत वादळाच्या वाटेवर हिरवट शेवाळाचा पट्टा दिसतो. वादळानंतर मासळी चांगली लागते असं मालिमच्या धक्क्यावर ऐकू येतं, त्याला निदान एवढा आधार आहे.

बोटींबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण शॅकवाले आणि बोटवाले अनेकदा एकाच घरातले असतात. इशारा मिळाल्यावर बोट घाईने परत आणणं नेहमी सुरक्षित नसतं. शापोराच्या तोंडाशी आणि मांडवीच्या आग्वादकडच्या बाजूला वाळूचा दांडा आहे. मांडवीचं तोंड तर पावसाळ्यात याच दांड्यामुळे बंद ठेवतात आणि बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्याने जातात. नोव्हेंबरात तिथे पाणी शांत असतं, म्हणून बोट चालवणाऱ्या तांडेलाला सवय नसते. लांबची लाट आली असेल तर समुद्रात काहीच कळत नाही, आणि दांड्यावर तीन मीटर पाण्यात तीच लाट अचानक उभी राहून फुटते. बोटीच्या मागून येते, बोटीची नाळ (पुढचं टोक) आडवी वळवते. लाटा गटागटाने येतात, पाच-सात मोठ्या, मग थोडी उसंत. दांड्याबाहेर थांबून दोन-तीन गट जाऊ द्यावेत, शक्यतो चढत्या भरतीला शिरावं. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना लाट अधिक उभी होते. डिझेल असेल तर सरळ मुरगावच्या बांधाआड जावं, तिथे नैर्ऋत्येची लाट अडते. "दर्यो फुगला" असं कुटबणचा म्हातारा तांडेल म्हणाला की तरुण पोरं हसतात, पण तो बघत असतो लाटेकडे, मोबाइलकडे नाही.

तुम्ही काय बघायचं? बंदरावरचा बावटा बघा, पण तो काय सांगतो ते समजून. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे, निघणाऱ्या जहाजांनी सावध राहावं. तीन नंबर म्हणजे बंदरालाच वाऱ्या-पावसाचा त्रास होऊ शकतो. हा सगळा हिशेब वाऱ्याचा. दोन नंबर लागलेला असताना किनाऱ्यावरचे लोक निश्चिंत बसतात, आणि तुमची लाट नेमकी तेव्हाच निघालेली असते. लाटेसाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वेगळे इशारे देते. त्यात उंचीबरोबर सेकंदही असतात. उंची वाचून पान उलटू नका. बारा सेकंदांच्या वरचा आकडा आणि पौर्णिमा-अमावस्येच्या पुढेमागे दोन-तीन दिवस, ही जोडी दिसली की ती रात्र आपली समजा. व्हॉट्सॲपवर फिरणारी लाल-जांभळी चक्रं पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. ती बहुधा वाऱ्याची असतात, आणि कधीकधी मागच्या वर्षीची.

घड्याळ घेऊन किनाऱ्यावर उभं राहिलात तरी बरंच कळतं. एका ठिकाणी फुटणाऱ्या दहा लाटांना किती वेळ लागतो ते मोजा. मिनिटभरात दहा झाल्या तर रोजचा समुद्र. दोन-सव्वादोन मिनिटं लागली, आणि वारा नाही, आभाळ निळं, तर लांब कुठेतरी काहीतरी मोठं चाललं आहे. घरात दाबमापक असेल तर सकाळी दहाला वाचा. आपल्या भागात दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि चारच्या सुमारास तीनेक हेक्टोपास्कल उतरतो; हे वादळाशिवायही होतं, त्यामुळे दुपारचा उतार पाहून धावपळ नको. सकाळी दहाची चढणच गायब झाली, तर मात्र ऐका. पण ओखीसारखं लांबून जाणारं वादळ दाबमापकाला कळणारच नाही, तिथे घड्याळच कामाचं.

अशा रात्री शॅकमध्ये सगळ्यात आधी मेन स्विच बंद करा आणि जमिनीवरचे वायरचे जोड उचला. खाऱ्या पाण्यात चालू फ्रिज हा लाटेपेक्षा मोठा धोका. फ्रिज आणि गॅसची सिलिंडरं मागच्या बाजूला न्या, पुढच्या रांगेच्या फळ्या स्वतःच सोडवा, म्हणजे लाट त्यांना खांबासकट उपटणार नाही. कामाची पोरं पुढच्या खोलीत झोपत असतील तर त्यांना मागे हलवा. पाणी सर्वांत वर येतं ते भरतीच्या टोकाच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत. मुरगावचं भरतीचं वेळापत्रक पाहून तेवढे दोन तास जागं राहिलात तरी पुरे.